आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेल्यावर ऑपरेशन ठरवणं: एका लिव्हर टीमचा रिव्ह्यू, ५ पैकी ४ स्टार

लॉबी, पार्किंग, रिसेप्शन यांचा हा रिव्ह्यू नाहीये, ते सगळं ठीकठाक होतं आणि कॅन्सरच्या पेशंटला त्याचं काही पडलेलंही नसतं. हा रिव्ह्यू लिव्हर सर्जरी करणाऱ्या टीमचा आहे, आणि तोसुद्धा चाकू कसा चालवला याच्यापेक्षा ऑपरेशन करायचं का, कुठलं करायचं, आधी काय आणि नंतर काय, हे ठरवताना त्यांचा किती उपयोग झाला याचा. नाव मुद्दाम देत नाही. तुमच्या हाताशी टीम वेगळीच असणार, आणि मी जे बघून मार्क दिलेत ते कुठल्याही टीमला लावून बघता येतील.

पेशंट म्हणजे माझा दादा, पन्नाशी ओलांडलेला, एरवी खणखणीत. मोठ्या आतड्याच्या शेवटाकडे, सिग्मॉइड म्हणतात तिथे गाठ निघाली आणि त्याच सीटीत लिव्हरमध्ये डाग. उजव्या बाजूला सहा, त्यातला सगळ्यात मोठा पाच सेंटीमीटरच्या आसपास, आणि डावीकडे एक बारकासा. प्रत्येक घरात एकजण असतोच ना, रिपोर्ट तारीखवार लावणारा आणि डॉक्टरांसमोर वही काढून बसणारा, ती आमच्याकडे मी. वहिनी दादाला सांभाळत होती, मी कागद.

पहिल्या ठिकाणी, हे वेगळं हॉस्पिटल, आम्हाला सांगितलं की स्टेज फोर आहे, दोन्ही बाजूंना पसरलंय, ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही, किमो चालू करू आणि जितकं चालेल तितकं चालवू. सांगणारे डॉक्टर किमोवाले होते, माणूस म्हणून चांगले होते, खोटं काहीच बोलले नाहीत. पण मी विचारलं की लिव्हरच्या सर्जनने हे फोटो बघितलेत का, तर म्हणाले गरज नाही, दिसतंयच. तिथेच माझं डोकं सटकलं. ऑपरेशन होणार नाही हा निर्णय ऑपरेशन न करणाऱ्या माणसाने एकट्याने कसा काय घेतला?

तेव्हा रागाने विचारलं होतं, पण नंतर वाचलं तर प्रश्न अगदी बरोबर निघाला. नेदरलँड्समध्ये अशा पेशंटचे स्कॅन अनुभवी लिव्हर सर्जनच्या पॅनलला दाखवतात, प्रत्येकाने स्वतंत्र मत द्यायचं. तर साधारण निम्म्या वेळा त्यांचं आपापसात एकमत झालं नाही! म्हणजे रोज लिव्हर कापणाऱ्या लोकांचंही एकाच फोटोवर एक म्हणतो होईल, दुसरा म्हणतो आधी किमो देऊन बघू, तिसरा म्हणतो नाही. मग ज्याचं ते कामच नाही त्याच्या एका वाक्यावर फाइल बंद करायची का.

स्टेज फोर ऐकलं की घरात सुतक आल्यासारखं होतं, म्हणून हे लिहितेच. आतड्याकडून निघणारं जवळजवळ सगळं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी लिव्हरला जातं, त्यामुळे तिथून सुटलेल्या पेशी पहिल्यांदा लिव्हरमध्येच अडकतात. निदान होतं तेव्हाच साधारण पाचातल्या एकाच्या लिव्हरमध्ये डाग असतात. बऱ्याच कॅन्सरमध्ये लिव्हरमध्ये गेलं की सर्जन हात वर करतो, आतड्याच्या कॅन्सरचं तसं नाही, लिव्हरमधलं सगळंच्या सगळं काढता आलं तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या घरात जातं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगने २००७ मध्ये आपले जुने पेशंट मोजले होते, ६१२ जणांचं लिव्हरचं ऑपरेशन झालेलं, त्यातले १०२ दहा वर्षांनंतरही जिवंत. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायचा. सहातला एक दहा वर्षं जगला, आणि सहातले पाच नाही जगले. ऑपरेशननंतर निम्म्याहून जास्त लोकांना कुठे ना कुठे परत येतं. हे आम्हाला या दुसऱ्या टीमच्या सर्जनने पहिल्याच भेटीत, दादासमोर, तोंडावर सांगितलं, आणि वहिनीला ते अजिबात आवडलं नाही, पण दादा म्हणाला की बरं झालं कोणीतरी नीट बोललं. पहिला स्टार त्याचा.

दुसरा स्टार ट्यूमर बोर्डचा. हल्ली सगळेच म्हणतात आमच्याकडे ट्यूमर बोर्ड आहे, पण तिथे बसतं कोण ते विचारा. इथे लिव्हर सर्जन, आतड्याचा सर्जन, किमोवाले, रेडिओलॉजिस्ट, सुईने प्रोसिजर करणारे रेडिओलॉजिस्ट वेगळे, पॅथॉलॉजिस्ट, सगळे एका खोलीत. पहिल्याच मीटिंगनंतर सीटीवर समाधान न मानता लिव्हरसाठीचं खास कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करायला लावला, आणि त्यात उजवीकडे आणखी एक बारीक डाग सापडला जो सीटीत नव्हताच. मी जरा वैतागलेच होते की आता अजून एक टेस्ट, पण २०२४ मध्ये आलेल्या एका युरोपियन अभ्यासात या एमआरआयमुळे साधारण तीनातल्या एका पेशंटचा प्लॅनच बदलला, तेव्हा ही टेस्ट न करता थेट टेबलवर घेणारी टीम असेल तर जरा थांबा.

आणि गाठीची जीन टेस्ट. रॅस, ब्रॅफ आणि एमएसआय, ही तीन नावं लक्षात ठेवा, रिपोर्टमध्ये नसतील तर मागा. यावर किमोबरोबर दुसरं कुठलं औषध जोडायचं ते ठरतं, आणि ऑपरेशन करून किती फायदा होईल याचा अंदाजही. दादाला रॅसमध्ये बदल निघाला, म्हणून सेटुक्सिमॅब बाद, बेव्हासिझुमॅब जोडलं. एमएसआय हाय निघालं असतं तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारी औषधं, आधी आली असती आणि गोष्ट पूर्ण वेगळी झाली असती.

आता किमोबद्दल. मला वाटायचं किमो जितकी जास्त तितकं चांगलं, सगळं जाळून टाका मग कापा. सर्जनने थांबवलं. ते म्हणाले, "ताई, मला गाठी लहान झालेल्या हव्यात, गायब झालेल्या नकोत. आणि लिव्हर माझ्या हातात येईल तेव्हा ती काम करणारी हवी." ऑक्झॅलिप्लॅटिन नावाच्या किमोच्या औषधाने लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, लिव्हर निळसर पडते. इरिनोटेकॅन या दुसऱ्या औषधाने चरबी साठून पिवळी पडते आणि अशी लिव्हर कापल्यावर सावरायला त्रास देते. गायब होण्याचं तर भलतंच आहे, फ्रान्समधल्या २००६ च्या एका अभ्यासात किमोनंतर सीटीवर दिसेनाशा झालेल्या ६६ जागा तपासल्या, त्यातल्या ५५ ठिकाणी कॅन्सर एकतर होताच किंवा लवकरच परत आला. फोटोत नाही म्हणजे गेला असं समजून नातेवाईक पेढे वाटतात आणि इकडे सर्जनला कळत नाही की आता कापायचं कुठे. म्हणून आमच्या टीमने दर दोन महिन्यांनी स्कॅन लावला आणि पहिल्या स्कॅनला गाठी बऱ्यापैकी आकसलेल्या दिसल्यावर, अजून दोन महिने घेऊन बघू असं न म्हणता, तारीख ठरवली. बेव्हासिझुमॅब ऑपरेशनच्या सहा आठवडे आधी बंद, कारण त्याने जखम भरायला अडथळा येतो आणि रक्तस्रावाची भीती असते. हे त्यांनी कॅलेंडरवर लिहून दिलं, आम्हाला आठवण करून द्यावी लागली नाही.

किमोने ऑपरेशनच्या आवाक्यात येणं हा काही चमत्कार नाही आणि रोजची गोष्टही नाही. पॅरिसजवळच्या पॉल ब्रूस हॉस्पिटलने २००४ मध्ये लिहिलं होतं, सुरुवातीला ऑपरेशन अशक्य म्हटलेले ११०४ पेशंट, त्यातल्या १३८ जणांचं किमोनंतर ऑपरेशन झालं, म्हणजे साडेबारा टक्के, आणि त्यांतले ३३ टक्के पाच वर्षं जगले. औषधं तेव्हापेक्षा आता सुधारलीत. पण मला यातली खरी गोष्ट ही वाटते की त्या १३८ जणांना कोणीतरी पुन्हा पुन्हा बोर्डवर आणून बघितलं होतं. पहिल्या दिवशी नाही म्हटलं आणि फाइल कपाटात, असं असतं तर १३८ कुठून आले असते?

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे एवढं टाइप करतेय. सगळे नातेवाईक विचारतात किती गाठी आहेत, केवढ्या आहेत. मीसुद्धा तेच लिहून घेतलं होतं. या टीमच्या सर्जनने तो कागद बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरवर दादाची लिव्हर उघडली, तीनही बाजूंनी फिरवता येईल अशी. माउसने उजवा भाग लाल केला, डावा हिरवा. मग लाल पुसून टाकला आणि स्क्रीनवर फक्त हिरवा तुकडा राहिला, मला वाटलं होतं त्याच्या मानाने फारच छोटा, खाली आकडा आला २३ टक्के. म्हणाले हे उरणार, आता यावर दादा जगू शकतील का एवढंच आपल्याला बघायचंय. खोलीत कोणी काही बोललं नाही, दादाच म्हणाला, "एवढ्यावर कसं भागणार हो?"

तर हिशोब असा आहे. निरोगी लिव्हर असेल तर साधारण २० टक्के मागे उरली तरी चालते. भरपूर किमो झाली असेल तर ३० टक्के लागते. सिरोसिस वगैरे असेल तर ४०. आणि नुसते टक्के पुरत नाहीत. लिव्हरचे आठ सेगमेंट असतात, प्रत्येकाला झाडाच्या फांदीसारखी रक्ताची आणि पित्ताची स्वतंत्र शाखा, तेव्हा निदान दोन शेजारचे सेगमेंट त्यांच्या आत येणाऱ्या रक्तासकट, बाहेर जाणाऱ्या शिरेसकट आणि पित्ताच्या नळीसकट शाबूत राहिले पाहिजेत. गाठी दहा असल्या पण कडेकडेला असल्या तर काढता येतात, आणि एकच असली पण लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या तिन्ही शिरा जिथे एकत्र येतात तिथे बसली असली तर अडचण. म्हणून आकड्यावरून घाबरू नका, जागेवरून घाबरा, हे माझं वाक्य, डॉक्टरांचं नाही.

दादाचे २३ टक्के कमी पडत होते, मग त्यांनी दोन रस्ते मांडले. एक, दोन टप्प्यात. पहिल्या ऑपरेशनला आतड्याची गाठ काढायची आणि त्याच भुलीत लिव्हरच्या डाव्या बाजूचा तो बारका डाग काढून डावी बाजू स्वच्छ करायची. मग सुईवाले रेडिओलॉजिस्ट कातडीतून नळी घालून पोर्टल व्हेनची उजवी शाखा आतून बंद करतात, त्यामुळे सगळं रक्त डावीकडे वळतं आणि डावी बाजू वाढायला लागते. चार ते सहा आठवडे थांबायचं, परत मोजायचं, पुरेशी वाढली की दुसऱ्या ऑपरेशनला उजवी बाजू काढायची. ही शीर बंद करायची युक्ती जपानमध्ये १९८० च्या दशकात निघाली.

दुसरा रस्ता आल्प्स. नाव डोंगराचं पण आहे ऑपरेशनचं. यात पहिल्याच ऑपरेशनला शीर बांधतात आणि लिव्हर मधोमध कापून दोन भाग वेगळे करतात पण उजवा भाग आत तसाच ठेवतात, आणि डावा भाग आठवडा-दीड आठवड्यात झपाट्याने वाढतो, मग परत पोट उघडून उजवा बाहेर. जर्मनीतून २०१२ मध्ये याचे पहिले २५ पेशंट छापून आले, लिव्हर सरासरी नऊ दिवसांत ७४ टक्क्यांनी वाढली होती, आणि २५ पैकी तीन दगावले होते. पुढे स्कँडिनेव्हियात लिग्रो नावाची ट्रायल झाली, दोन्ही रस्त्यांची सरळ तुलना. आल्प्समध्ये ९२ टक्के लोकांची गाठ शेवटी निघाली, दोन टप्प्यांवाल्या रस्त्यात ५७ टक्के. बाकीच्यांची एकतर लिव्हर पुरेशी वाढली नाही किंवा थांबलेल्या काळात कॅन्सर वाढला.

मग आम्ही तरी हळूवाला रस्ता का घेतला, असं कोणीही विचारेल, दादाच्या मुलाने विचारलंच. याचं उत्तर ज्या पद्धतीने दिलं त्यावर तिसरा स्टार आहे. सर्जन म्हणाले की आल्प्स मी करतो, पण तुमच्या दादांना २३ वरून ३० च्या वर जायचंय, ही उडी छोटी आहे, तिच्यासाठी एवढा धोका नको. १५ टक्के असते तर मी स्वतःच आल्प्स म्हटलं असतं. आणि थांबण्याच्या काळात कॅन्सर वाढलाच तर त्याचा अर्थ असा की तो ऑपरेशननेही आटोक्यात राहिला नसता, मग एवढं मोठं दुसरं ऑपरेशन टळलं असंच समजायचं. हे शेवटचं वाक्य मला तेव्हा फार कोरडं वाटलं होतं, आजही वाटतं, पण खोटं नाहीये. शीर बंद केल्यानंतरच्या मोजणीत ३४ टक्के आले.

आतडं आधी की लिव्हर आधी यावर लोक फार गोंधळतात. आतडं अडत असेल किंवा रक्त जात असेल तर आतडं आधी, यात वाद नाही. आतडं शांत आहे पण लिव्हरचं ओझं जास्त आहे तर उलटं, लिव्हर आधी, हे स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या टीमने २००६ मध्ये रूढ केलं, विशेषतः गुदाशयाचा कॅन्सर असून रेडिएशन द्यायचं असतं तेव्हा उपयोगी. दोन्ही छोटी असतील तर एकदम उरकतात. दोन्ही मोठी ऑपरेशनं एका दिवसात करू म्हणणाऱ्याकडून मात्र नीट समजून घ्या की का.

सुईने जाळायचं काय, हा प्रश्न आमच्या प्रत्येक पाहुण्याने विचारला, पोट कशाला फाडता, सुई घालून मायक्रोवेव्हने जाळतात ना हल्ली. जाळतात, आणि ते काही दुय्यम राहिलेलं नाही. नेदरलँड्सची कोलिजन ट्रायल, तीन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठी, जास्तीत जास्त दहा, अर्ध्यांना ऑपरेशन आणि अर्ध्यांना सुई. मध्येच थांबवली, कारण सुई मागे पडत नव्हती आणि त्रास स्पष्ट कमी होता. म्हणजे तुमच्या गाठी लहान असतील आणि समोरचा सर्जन सुईचं नावच काढत नसेल तर विचारा. दादाची मोठी गाठ किमोनंतरही तीनच्या वर होती आणि उजवी बाजू सगळी भरलेली, त्यामुळे तिथे ते लागू नव्हतं. डावीकडचा डाग मात्र सुईने झाला असता, पण तो वरच्या पृष्ठभागावरच होता आणि आतड्यासाठी ऑपरेशन होणारच होतं, म्हणून त्यातच कापला.

दुर्बिणीचंही तेच. ऑस्लोच्या ट्रायलमध्ये २८० पेशंट, लिव्हरचे छोटे तुकडे काढायचे, उघडून केलं तर ३१ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत, दुर्बिणीने १९ टक्के, जगण्यात फरक नाही. आमचा पहिला टप्पा दुर्बिणीने झाला, दुसरा उघडून, आणि दुसरा उघडून का ते विचारायच्या आधीच सांगितलं, गाठ मोठ्या शिरेला टेकलेली होती. आणखी एक, पूर्वी गाठीभोवती एक सेंटीमीटर निरोगी लिव्हर काढायचीच असा नियम होता, आता एक मिलिमीटर स्वच्छ असलं तरी धरतात. कमी काढलं की पुढे परत काढायला जागा उरते. परत येणाऱ्या आजारात हे फार महत्त्वाचं आहे आणि आम्हाला ते पुढे कामाला आलं.

लिव्हर बदलण्याचंही वहिनीच्या भावाने काढलं होतं, टीमने टाळलं नाही. फ्रान्सच्या ट्रान्समेट ट्रायलचे निकाल २०२४ मध्ये आले, ऑपरेशन होऊच शकत नाही अशा ९४ निवडक पेशंटमध्ये किमो अधिक ट्रान्सप्लांटला पाच वर्षांनी ५७ टक्के जिवंत, नुसत्या किमोला १३ टक्के. फरक डोळे फिरवणारा आहे, पण पेशंट फार गाळून घेतलेले, कॅन्सर लिव्हरबाहेर कुठेच नको, आतड्याची गाठ आधीच निघालेली हवी, ब्रॅफ बिघडलेला नको, किमोला चांगला प्रतिसाद हवा. ज्याची कापून निघतेय त्याने या रांगेत उभं राहायचं कारण नाही, एवढं बोलून विषय संपला.

ऑपरेशनबद्दल थोडंच लिहिते, कारण आम्ही बाहेरच बसलो होतो. संमतीच्या फॉर्मवर सही घेताना धोका आकड्यात सांगितला, अनुभवी सेंटरमध्ये लिव्हर कापताना मृत्यू शंभरात एक ते तीन, जितकं मोठं ऑपरेशन तितका जास्त, दादाचं मोठ्यात मोडतं. सुरुवातीला लिव्हरवर थेट सोनोग्राफीचा प्रोब ठेवून परत एकदा सगळी तपासली. नंतरचे पाच दिवस आम्ही बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याच्या रिपोर्टवर डोळे लावून होतो, पाचव्या दिवशी हे दोन्ही खाली यायला लागले की उरलेल्या लिव्हरने काम हाती घेतलं असं समजतात. आले. चौथा स्टार वॉर्डच्या नर्सना, दुसऱ्याच दिवशी दादाला उभं केलं, तो शिव्या घालत चालला, पण चालला.

आता कापलेला स्टार.

ड्रेनच्या, म्हणजे पोटात साठणारं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या नळीच्या, पिशवीत लालसर पाणी यायचं ते हळूहळू सोनेरी-हिरवट झालं, म्हणजे पित्त गळत होतं. कापलेल्या कडेवरची एखादी बारीक नळी उघडी राहते, बऱ्याचदा आपोआप बंद होते, वॉर्डमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तरी डिस्चार्ज देताना ड्रेनसकट घरी पाठवलं आणि कागदावर फक्त ड्रेन केअर असे दोन शब्द. रोज किती मोजायचं, कुठल्या रंगाला घाबरायचं, ताप आला तर रात्री कोणाला फोन करायचा, काही नाही. आणि ताप आलाच, रात्रीच, आणि दिलेला नंबर ओपीडीचा, तो सकाळी उघडणार. इमर्जन्सीत गेलो तर तिथल्या शिकाऊ डॉक्टरला लिव्हरचं ऑपरेशन कधी झालंय, ड्रेन कशाचा आहे हे सगळं मी वहीतून वाचून सांगितलं. लिव्हरखाली साठलेलं पित्त सुईने काढलं, अँटिबायोटिक दिलं, उतरला ताप. धोका मोठा नव्हता असं नंतर सगळे म्हणाले. पण एवढा बारीक विचार करून ऑपरेशन ठरवणाऱ्या टीमने घरी पाठवताना पेशंटच्या हातात एक पानही देऊ नये हे मला पटलं नाही, आणि मी ते त्यांना लेखी कळवलं. उत्तर आलं की सुधारणा करू. केली का ते माहीत नाही.

थकव्याचंही कोणी नीट सांगितलं नाही. लिव्हर परत वाढते हे सगळे उत्साहाने सांगतात, आकारमान बरंचसं पहिल्या दोनेक महिन्यांत भरून येतं हे खरं, पण गेलेला भाग उगवत नाही, उरलेलाच फुगतो, आणि त्या काळात माणूस दुपारी चारला बसल्या बसल्या झोपतो. दादाला वाटायचं परत आलं. वहिनीलाही. एक वाक्य आधी कोणी बोललं असतं तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

दर तीन महिन्यांनी सीईए, म्हणजे कॅन्सर परत आला का याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट, आणि ठरल्याप्रमाणे सीटी चालू आहे. दुसऱ्या वर्षी उरलेल्या लिव्हरमध्ये एक डाग आला, दीड सेंटीमीटर. परत बोर्डवर गेलं, यावेळी सुईने जाळला, दुसऱ्या दिवशी दादा घरी. आणि यावेळी जाताना नर्सने एक छापील पान हातात दिलं, रात्रीच्या नंबरसकट. तो नंबर मी रात्री लावून बघितला, उचलला. तरी स्टार चारच ठेवतेय, कारण ते पान सुई प्रोसिजरचं होतं, मोठ्या ऑपरेशनवाल्यांना मिळतं का ते विचारलं तर म्हणाल्या त्यांचं अजून छापून यायचंय.